यादी कोणी करायची?



झाडीपट्टीत भाषणाला उभं राहणाऱ्यानं आधी आपली पायरी ओळखावी. इथला श्रोता मंडईच्या दिवसांत तिकीट काढून रात्र रात्र नाटकाला बसतो. पहाटे कोंबडा आरवला तरी जागचा हलत नाही. माझ्याकडे खलनायक नाही, लावणी नाही, हार्मोनियमही नाही. त्यामुळे तासाभराच्या वर बोलणार नाही, एवढं आश्वासन मात्र आधीच देऊन ठेवतो.

पत्रिकेवर विषय छापला आहे ‘स्टोइक तत्त्वज्ञान आणि आजचं जगणं’. पहिला आक्षेप मीच घेऊन टाकतो, म्हणजे मागच्या रांगेतून येणारी चिठ्ठी वाचेल. आमच्याकडे गीता आहे, धम्मपद आहे, तुकोबांची गाथा आहे. राष्ट्रसंतांची तपोभूमी असलेलं गोंदेडा शेजारच्या चिमूर तालुक्यात आहे आणि ग्रामगीता इथल्या घराघरांत आहे. एवढं असताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमला कशाला जायचं?

एक उत्तर जरा खट्याळ आहे. रोमन सम्राट मार्कस ऑरेलिअसच्या नावानं आपल्या गावात अजून दोन गट पडलेले नाहीत. त्याची मिरवणूक कोणत्या रस्त्यानं न्यायची यावरून बंदोबस्त मागवावा लागत नाही. आपली पुस्तकं आपल्याला इतकी जवळची असतात की ती उघडण्याआधीच आपण कोणत्या बाजूचे हे ठरलेलं असतं. परक्याच्या पुस्तकाशी मोकळेपणानं भांडता येतं. मी आज भांडणारही आहे.

दुसरं उत्तर असं की ही माणसं वाटतात तितकी परकी नाहीत. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय. स्वतः लिहीत बसले नाहीत, साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं आणि म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आली. एपिक्टेटस नावाच्या गुरूचंही असंच झालं. त्यानं एक ओळ लिहिली नाही. ॲरियन नावाच्या शिष्यानं वर्गात बसून त्याचं बोलणं टिपलं. आठ भाग होते म्हणतात, त्यातले चार उरले आणि त्यांचं सार काढलेली एक छोटी पुस्तिका. ऐकणाऱ्यांच्या अडचणी समोर ठेवून बोललेलं ते बोलणं आहे. कोणाला नोकरी हवी आहे, कोणाचं भावाशी वाटणीवरून वाजलं आहे, कोणी मुलीच्या आजारपणाला घाबरून घराबाहेर पळाला आहे. वाचताना वाटतं, हे आपल्याच तालुक्यातलं कुठलं तरी घर.

ओळख थोडक्यात करून देतो. झेनो नावाचा सायप्रस बेटावरचा व्यापारी इसवी सनापूर्वी तीनशेच्या आसपास अथेन्सच्या बाजारातल्या एका चित्रांच्या ओसरीत शिकवू लागला. जहाज फुटून माल बुडाला, म्हणून तो तत्त्वज्ञानाकडे वळला, असं सांगतात. त्याच्यामागून आलेला क्लिअँथिस रात्री बागांना पाणी शेंदायचा आणि दिवसा शिकायचा. पुढे हा विचार रोममध्ये गेला आणि आपण जे वाचतो ते बहुतेक तिथलं. सेनेका, नीरो बादशहाचा शिक्षक, अतोनात श्रीमंत, शेवटी त्याच नीरोच्या हुकमानं इसवी सन ६५ मध्ये स्वतःच्या नसा कापून मेलेला. एपिक्टेटस, जन्मानं गुलाम आणि पायानं अधू. मार्कस ऑरेलिअस, १६१ ते १८० या काळातला सम्राट, ज्यानं डॅन्यूब नदीकडच्या छावण्यांत, एकीकडे लढाई आणि दुसरीकडे साम्राज्यभर पसरलेली साथ असताना, केवळ स्वतःसाठी एक वही लिहिली.

मंत्री, गुलाम आणि बादशहा. एकाच शाळेचे. तिघांचं दुखणं वेगळं आणि औषध एकच सांगतात. ते औषध पोस्टकार्डावर मावेल. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. आपली मतं, आपली इच्छा, आपली कृती हातात. आपलं शरीर, पैसा, लोकांचं बोलणं, पद-प्रतिष्ठा हाताबाहेर. जे हातात आहे त्यात कसूर करू नका, जे नाही त्याच्यासाठी जीव जाळू नका. झालं.

एवढं सोपं असेल तर व्याख्यान कशाला, असं कोणी म्हणेल. मोबाइलवर तर हे रोज येतं. गर्जणारा सिंह, पिळदार दंडाचा संगमरवरी पुतळा, खाली चार शब्द आणि पाठीमागे ढोल. आमचे तरुण मित्र ते स्टेटसला ठेवतात. मला त्याचा राग नाही. कुठून तरी सुरुवात होते. पण त्या चित्रात एक गोष्ट गाळलेली असते आणि माझं आजचं सगळं बोलणं तिच्यावरच आहे. हातातलं काय आणि हाताबाहेरचं काय, ही यादी करायची कोणी? ज्यानं त्यानं आपली करायची, की दुसऱ्या कोणी आपल्यासाठी करून द्यायची? माझं म्हणणं असं, की स्टोइक वाचावेत ते आपली यादी आपण करायला शिकण्यासाठी. दुसऱ्यानं करून दिलेल्या यादीवर अंगठा उठवायचा असेल तर न वाचलेले बरे.

एपिक्टेटसचा गुरू होता म्युसोनिअस रुफस. त्याला नीरोनं ग्यारोस नावाच्या एका ओसाड बेटावर हद्दपार केलं होतं. या गुरूच्या उरलेल्या व्याख्यानांपैकी एकाचा प्रश्न असा: तत्त्वज्ञान करणाऱ्यानं पोटासाठी काय करावं? तुम्हाला वाटेल शिकवण्या घ्याव्यात, राजाच्या दरबारी जावं. म्युसोनिअस म्हणतो, शेती करावी. आणि शिष्यांनी गुरूबरोबर शेतात राबावं. वर्गात बसून ऐकण्यापेक्षा गुरू उन्हात कसा वागतो ते पाहून जास्त शिकता येतं. मुलींनाही मुलांइतकंच तत्त्वज्ञान शिकवावं, असंही तो म्हणतो. पहिल्या शतकातला माणूस.

म्युसोनिअस वाचला तेव्हा मला पहिल्यांदा आठवला तो याच नागभीड तालुक्यातला माणूस. नांदेड गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत. जमीन दीड एकराच्या आसपास. तुम्ही त्यांना पाहिलं असेल, त्यांच्या बांधीत उभे राहिला असाल. तरीही त्यांची गोष्ट मी सांगणार आहे. जगाला ठाऊक आहे ती, आणि जवळच्या माणसाची गोष्ट आपण फार वेळा ऐकतो पण नीट ऐकत नाही.

१९८३ साल. बांधीत ‘पटेल ३’ हे वाण लावलेलं. त्यात दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या, दाणा पिवळसर. आता बांधीत वेगळं झाड दिसलं तर आपण काय करतो? उपटतो. भेसळ म्हणतो. दादाजींनी त्या लोंब्या खुडून ठेवल्या. पुढच्या हंगामात ते दाणे वेगळे पेरले, रानडुकरांपासून राखायला भोवती काटेरी झुडपं लावली, पुन्हा निवडले, पुन्हा पेरले. वर्षामागून वर्षं. शेवटी बारीक दाण्याचं, खायला चवदार आणि उताऱ्याला चांगलं असं वाण हातात आलं. त्या काळी ज्याच्या त्याच्या मनगटावर एचएमटीचं घड्याळ होतं. १९९० च्या सुमाराला व्यापाऱ्यानं ते नाव धानाला दिलं. एचएमटी तांदूळ आज कुठे कुठे शिजतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

१९९४ साली कृषी विद्यापीठाच्या लोकांनी त्यांच्याकडून पाच किलो बियाणं प्रयोगासाठी नेलं. १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावानं वाण प्रसारित झालं. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही निवड करून ते शुद्ध केलं. दादाजींचं म्हणणं, मूळ वाण माझं, आणि माझं नाव कुठे आहे? हा वाद त्यांच्या हयातीत त्यांच्या समाधानासारखा मिटला नाही. सन्मान झाले, तेही मोठे. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’नं त्यांची दखल घेतली. घरात पैसा मात्र आला नाही. मुलाच्या आजारपणात जमीन विकावी लागली. ३ जून २०१८ ला ते गेले.

या माणसानं स्टोइकांचं नाव ऐकलं असेल असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात काय चाललं होतं हेही मला माहीत असल्याचा आव आणणार नाही. दिसलं तेवढंच सांगतो. विद्यापीठाच्या वाणाला नाव लागलं, आपलं लागलं नाही, या सगळ्या काळात या माणसानं काय केलं? आणखी वाणं काढली. नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न, काटे एचएमटी, डीआरके. एचएमटी धरून एकूण नऊ. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं एका वाणाला देऊन टाकली, ते एक उत्तरच म्हणायचं! आणि दुसरी गोष्ट, ते गप्प बसले नाहीत. श्रेय माझं आहे, हे शेवटपर्यंत सांगत राहिले.

इथे थांबू. मोबाइलवरच्या स्टोइकाला विचारलं तर तो म्हणेल, श्रेय हाताबाहेरची गोष्ट, दादाजींनी ती सोडून द्यायला हवी होती. खरंच? एपिक्टेटसच्या भाषेत नीट पाहा. लोक श्रेय देतील की नाही, हे हाताबाहेर. कबूल. पण ‘हे माझं आहे’ असं खरं बोलणं? ते तर पूर्णपणे हातात आहे. दादाजींनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या. निकालासाठी बियाण्याचं काम थांबवलं नाही आणि काम चालू आहे म्हणून तक्रार मागे घेतली नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात हे समजावायला मला दोन तास लागतात आणि तरी मुलं गोंधळतात.

आणखी एक. दादाजींना शांत, समाधानी ऋषी करून भिंतीवर टांगणं आपल्याला फार सोयीचं आहे. गरिबीत राहिले पण हसत राहिले, असं म्हटलं की आपली सुटका होते. त्यांचं कष्ट करणं हा त्यांचा गुण. त्यांना वेळेवर मदत न मिळणं हा त्यांचा गुण नव्हे. तो आपला हिशेब आहे, समाजाचा आणि सरकारचा, आणि कोणाच्या समाधानी चेहऱ्यानं तो चुकता होत नाही.

आता तरुणांकडे वळतो, कारण ते मघापासून फोन बघताहेत. पहाटे पाचला इथल्या कोणत्याही रस्त्यावर जा, पोरं-पोरी धावताना दिसतात. पोलीस भरती. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, मग गोळाफेक, मग लेखी. स्टोइकांचं तिरंदाजाचं उदाहरण यांच्यासाठीच आहे. चांगला तिरंदाज नेम धरण्यात काही कमी ठेवत नाही. पण बाण सुटल्यावर वारा आला, सावज हललं, तर त्याची लाज तिरंदाजाला नाही. ध्येय ठेवायचं ते नीट नेम धरण्याचं. धावणं तुमच्या हातात, झोप तुमच्या हातात, रात्री एक वाजेपर्यंत रील्स बघणं तर नक्कीच तुमच्या हातात. जाहिरात कधी निघेल, जागा किती, हे हाताबाहेर. यादीत नाव आलं नाही तर ‘मी नालायक’ ही जी आतली बोंब सुरू होते ना, ती घटनेतून येत नाही, घटनेवरच्या आपल्या मतातून येते. एपिक्टेटसचा हा एक मुद्दा घेऊन विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसतज्ज्ञानं आख्खी उपचारपद्धती उभी केली. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली, एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. अंजली जोशींची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी या वाचनालयात नसेल तर मागवा.

इथपर्यंत ठीक. पण भरतीचा पेपर फुटला तर? तो कोणत्या रकान्यात टाकायचा? पाऊस हाताबाहेर, तसाच पेपरही हाताबाहेर, असं म्हणून पोरांनी गप्प बसायचं? पाऊस कोणी पाडत नाही. पेपर कोणीतरी फोडतो. हा फरक लक्षात ठेवा, याच्याकडे मी परत येणार आहे.

त्याआधी एका अवघड जागी जायचं आहे. एपिक्टेटसचं एक वाक्य आहे, जे या भागात उच्चारताना जीभ अडखळते. त्याचा आशय असा: आपल्या मुलाचा, बायकोचा मुका घेताना मनात म्हणावं, हे माणूस मर्त्य आहे. म्हणजे ते गेलं तर तू कोलमडणार नाहीस. मे २०२५ मध्ये शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या घरी जाऊन हे वाक्य कोण म्हणेल? मी म्हणणार नाही.

हे वाक्य मला क्रूर वाटलं आणि आजही वाटतं. पण ते सांगणाऱ्या परंपरेची दुसरी बाजूही पाहायला हवी. नंतरच्या काळातल्या एका भाष्यकारानं नोंदवलं आहे, की जन्मभर एकटा राहिलेल्या म्हाताऱ्या एपिक्टेटसनं एका मित्राचं टाकून दिलं जाणारं मूल वाचवण्यासाठी घरी आणलं आणि त्याच्या संगोपनासाठी एका बाईला घरात आणलं. मुलात जीव गुंतवू नका सांगणारा माणूस! मार्कस ऑरेलिअसला चौदा मुलं झाली, त्यातली निम्म्याहून अधिक त्याच्या डोळ्यांदेखत गेली. त्याच्या वहीत मुलाच्या मृत्यूचा विचार पुन्हा पुन्हा येतो. ज्याचं दुःख संपलं तो माणूस तेच तेच पुन्हा लिहीत नाही. रडू नका, हा स्टोइकांचा हुकूम त्यांना स्वतःलाही पाळता आला नाही, असं मला वाटतं, आणि त्यामुळे ते मला अधिक आवडतात.

मग त्यांच्याकडून इथे काय घ्यायचं? सेनेका सांगतो, वाईट काय होऊ शकतं ते आधीच मनात आणा. आपल्याकडे हे अशुभ समजतात. ‘तोंडातून काढू नको’ म्हणतात. पण मोह वेचायला जाणाऱ्या बाया काय करतात? एकट्या जात नाहीत. अंधारात जात नाहीत. बोलत, हाळी देत जातात. वाघ समोर येईल हे मनात धरून त्यांनी आपलं जाणं बेतलेलं असतं. सेनेकाचा सराव याहून वेगळा नाही. भीतीला आधी भेटायचं ते तयारीसाठी. जे घडून गेलं त्याच्यावर मात्र कोणी उपदेशाचं झाकण ठेवू नये. रडणाऱ्याला रडू द्यावं. आणि वनखात्यानं, पुढाऱ्यानं, माझ्यासारख्या प्राध्यापकानं तर धीराचं तत्त्वज्ञान त्या अंगणात काढूच नये. तिथं पंचनामा वेळेवर झाला का, मदतीचा धनादेश आला का, गावाजवळची झुडपं साफ झाली का, एवढंच विचारावं.

आता त्या रकान्यांकडे परत येऊ. झाडीपट्टीच्या श्रोत्यांना हे सांगायला मला विशेष आनंद आहे, की एपिक्टेटसनं नाटकाचा दाखला दिला आहे. तो म्हणतो, तुम्ही नट आहात. नाटक लहान की मोठं, हे लिहिणारा ठरवतो. तुम्हाला भिकाऱ्याची भूमिका दिली तर भिकारी उत्तम वठवा, लंगड्याची दिली तर लंगडा. भूमिका निवडणं तुमचं काम नाही, ती चांगली करणं तुमचं काम.

सुंदर आहे. आणि धोकादायक आहे. कारण आपल्या देशात हे नाटक हजार-दोन हजार वर्षं चाललं. भूमिका जन्मानं वाटल्या. झाडूची भूमिका ज्याला मिळाली त्याच्या नातवालाही झाडूच. आणि वरून सांगितलं, चांगली वठव, पुढच्या जन्मी बढती आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपूरला बाबासाहेबांनी काय केलं? ते रंगमंचावर चढले आणि विचारलं, हे नाटक लिहिलं कोणी? त्याची सही दाखवा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्माच्या कर्माचा सिद्धान्त का नाकारला, हे या संदर्भात वाचून पाहा. गरिबाची गरिबी त्याच्या मागच्या जन्मात शोधली की या जन्मातल्या कोणालाच जबाब द्यावा लागत नाही. स्टोइकांनी पुनर्जन्माचं असं नातं जोडलं नव्हतं, हे खरं. पण गुलामीचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला? सेनेकाचं सत्तेचाळिसावं पत्र गुलामांविषयी आहे. त्यांना माणूस म्हणा, त्यांच्यासोबत जेवा, असं तो लिहितो. त्या काळात हे मोठं होतं. पण गुलामगिरीच मोडा, असं सेनेका लिहीत नाही. एपिक्टेटस म्हणतो, बेडी पायाला असते, मनाला नाही. खरं आहे. पण बेडी काढता येत असेल तर मनाची मोकळीक दाखवत बसायचं की हातोडा आणायचा?

माझं आणि स्टोइकांचं भांडण इथे आहे. त्यांनी हातातलं आणि हाताबाहेरचं यांची रेघ एकट्या माणसाभोवती काढली. एकट्या माणसाच्या हातात थोडंच असतं. म्हणून त्यांच्या यादीत राजा, कायदा, व्यवस्था, सगळं हाताबाहेर गेलं, पावसाच्या आणि तापाच्या शेजारी जाऊन बसलं. पण माणसं एकत्र बसली की रेघ सरकते. ती सरकलेली आपण पाहिली आहे.

गडचिरोली जिल्ह्यात धानोऱ्याजवळ मेंढा (लेखा) हे गाव आहे. तुमच्यापैकी काही जण जाऊन आले असतील. गोंडांचं गाव, भोवती सुमारे अठराशे हेक्टर जंगल. हे जंगल कोणाचं? जुन्या यादीप्रमाणे हाताबाहेरचं: वनखात्याचं, कंत्राटदाराचं, कागद कारखान्याचं. मेंढ्यात लोक बसले. देवाजी तोफा यांच्यासारखी माणसं गावात होती, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे सोबती मिळाले. त्यांनी अभ्यासगट सुरू केला. निर्णय सर्वसहमतीनं, एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. वर्षानुवर्षं असं चाललं. २००६ मध्ये वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना खातं देईना. शेवटी एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री त्या गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं.

आता सांगा, १९८० साली एपिक्टेटस मेंढ्याला आला असता आणि त्यानं रकाने आखले असते, तर बांबू कुठे गेला असता? हाताबाहेर. आणि २०११ साली? बांबू तोच, जंगल तेच, माणसं तीच. मी याला चमत्कार म्हणत नाही. वीस-पंचवीस वर्षं गावानं रागावून जाळपोळ केली नाही, खचून सोडलं नाही, ज्या दिवशी जे हातात आहे तेवढं केलं: बैठक भरवली, कागद वाचला, ठराव लिहिला. ही शिस्त स्टोइक आहे. फक्त ती एकट्याची नाही.

आता आपल्या तालुक्याकडे या. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. घोडाझरी शाखा कालवा आपल्याच भागासाठी. त्या वर्षी जन्मलेल्या पोराच्या पोरांनी आता शाळा गाठली. पाऊस हाताबाहेर आहे, मान्य. कालवाही त्याच रकान्यात टाकायचा का? कालवा आकाशातून पडत नाही. अंदाजपत्रकातून येतो, निविदेतून येतो, भूसंपादनातून येतो. त्यात माणसांचे हात आहेत, आणि आपण रोवणा एकट्यानं करत नाही तसा कालव्याचा पाठपुरावाही एकट्यानं होत नाही. २०१९ मध्ये नागपूरची छोटी गाडी रूळ रुंद करण्यासाठी बंद झाली, तेव्हाही हेच. ‘आपल्या हातात काय आहे’ हा प्रश्न आपण बहुतेक वेळा पानाच्या टपरीवर विचारतो, आणि मग त्याचं उत्तर ‘काही नाही’ असंच येतं, कारण टपरीवर इतिवृत्त कोणी लिहीत नाही.

फक्त एक सावधगिरी. मी स्टोइकांवर टीका केली म्हणून उलटी चूक करू नका. सगळंच हातात आहे, मनात आणलं तर काहीही होतं, असं सांगणारे वक्तेही आजकाल पुष्कळ फिरतात, तिकीटही घेतात. त्यांच्यापेक्षा एपिक्टेटस परवडला. तो निदान खोटी आशा विकत नाही. दुष्काळ तुमच्या निश्चयानं टळत नाही. ज्या बाईचा नवरा जंगलात गेला तिनं ‘सकारात्मक विचार’ केला असता तर तो परत आला नसता. हाताबाहेरचं हाताबाहेर म्हणण्याची हिंमत लागते, आणि ती या रोमन लोकांकडे आहे.

वेळ संपत आली. वाचायचं कसं, याबद्दल दोन शब्द बोलतो आणि थांबतो.

मार्कसची वही पहिल्या भागापासून वाचू नका. तिथे तो आजोबांपासून सगळ्यांचे आभार मानतो, आणि नवख्या वाचकाला ते लग्नपत्रिकेसारखं वाटतं. दुसऱ्या भागापासून धरा. तिथे तो सकाळी उठून स्वतःला बजावतो, की आज उद्धट, कृतघ्न, मत्सरी माणसं भेटतील आणि तरी त्यांच्यासोबतच काम करायचं आहे. सहकारी संस्थेच्या सभेला जाण्याआधी वाचावं असं पान आहे. पहिला भाग नंतर वाचा, बाकीचे भाग वाचून झाल्यावर. तेव्हा कळतं, बादशहा कोणाकोणाचं देणं मानतो. एपिक्टेटसची पुस्तिका लहान आहे, पण तिला प्रश्न विचारत वाचा, समासात पेन्सिलीनं भांडा. ग्रंथपाल रागावतील. त्यांनी आज माफी द्यावी. सेनेकाची पत्रं एकशे चोवीस आहेत, ती एकदम वाचू नका. आठवड्याला एक पुरे.

आणि एकट्यानं वाचू नका. वाचनालयाच्या मंडळींना माझी विनंती आहे, मेंढ्यासारखा एक अभ्यासगट इथे सुरू करा. पंधरा दिवसांतून एकदा. दहा माणसं आली तरी चालेल. भरतीची पोरं यावीत, बचतगटाच्या बाया याव्यात, एखादे निवृत्त गुरुजी यावेत, वनरक्षकही यावा. समोर एक वही ठेवा आणि मधोमध रेघ मारा. त्या पंधरवड्यात गावात जे जे झालं ते कोणत्या बाजूला लिहायचं यावर बोला. एकमत होणार नाही. ज्या गोष्टीवर वाद होईल तिच्यापुढे तारीख टाका आणि पुढच्या बैठकीत पुन्हा घ्या.

सुरुवात सेनेकाच्या सत्तेचाळिसाव्या पत्रानं करा, तेच गुलामांबद्दलचं. पण त्याच बैठकीत आणखी एक गोष्टही समोर ठेवा. दिओ नावाच्या इतिहासकारानं सेनेकावर आरोप केला आहे, की या थोर तत्त्वज्ञानं ब्रिटनच्या लोकांना चार कोटी सेस्टर्स व्याजानं दिले आणि एक दिवस अचानक सगळी रक्कम सक्तीनं परत मागितली. या भागात सावकारी काय असते हे जाणणारी माणसं बैठकीत असतीलच. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि आधी त्यांना बोलू द्या.